नेटमधला एक तास : धर्मगुरू झालेले ‘जंगली’ ग्रेग आणि पुण्याचे पालवणकर बाळू

१.
मे १९५८. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिलफर्ड-ऑन-सी या गावी एका वृद्ध कॅथलिक धर्मगुरूंचे निधन झाले. वय ८६. नाव कॅनन जॉन ग्लेनी ग्रेग. साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीत याच गृहस्थांना सगळे ‘जंगली’ म्हणत. तेव्हा त्यांच्या अंगावर धर्मगुरूचा झगा नव्हता, लष्करी गणवेश होता, आणि संध्याकाळी हाती बॅट असे.

२.
ही कथा त्यांची आहे. पण केवळ त्यांची नाही. पुण्यातील एका सरावाच्या जाळीत रोज घडणाऱ्या एका तासाची ती कथा आहे. त्या तासात एका टोकाला हे गोरे अधिकारी उभे असत आणि दुसऱ्या टोकाला महिना ४ रुपयांवर राबणारे एक दलित तरुण. त्या तरुणाचे नाव बाळू पालवणकर. भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज त्या तासात घडत होता.

३.
ग्रेग यांचा जन्म १८७१ चा, माळव्यातील महू या लष्करी छावणीतला. म्हणजे जन्माने ते हिंदुस्थानातलेच. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये, डाउनसाइड येथील बेनेडिक्टाइन साधूंच्या शाळेत झाले. इंग्लंडचा राजधर्म प्रॉटेस्टंट. कॅथलिक तिथे अल्पसंख्य. साम्राज्याच्या सेवेत राहूनही रोमच्या चर्चशी निष्ठा ठेवणाऱ्या त्या समाजात ग्रेग वाढले. पुढच्या कथेत हा धागा दीर्घकाळ दिसणार नाही. पण तो तुटलेला नाही, हे ध्यानात असू द्यावे.

४.
लष्करात अधिकारी होऊन ते हिंदुस्थानात परतले आणि मुंबई इलाख्यात स्थिरावले. इलाख्याच्या गव्हर्नरांचे ए.डी.सी. आणि पुढे मिलिटरी सेक्रेटरी अशी पदे त्यांनी सांभाळली. गव्हर्नरांचा मुक्काम पावसाळ्यात पुण्याला, गणेशखिंडीच्या राजवाड्यात असे. आज तिथे विद्यापीठ आहे. गव्हर्नर पुण्यात आले की त्यांच्यामागून सारा लवाजमा येई, आणि लवाजम्यामागून क्रिकेट येई.

५.
‘जंगली’ हे नाव त्यांच्या स्वभावावरून पडलेले नाही. ‘जॉन ग्लेनी’ हे शब्द भरभर उच्चारले की हिंदुस्थानी कानाला ते ‘जंगली’सारखे ऐकू येत. थट्टेत रुजलेले ते नाव पुढे कायमचे चिकटले. वस्तुतः त्यांचा खेळ रानटी नव्हताच. लहान चण, लवचिक मनगट, चपळ पाय; ताकदीपेक्षा नजरेवर आणि वेळ साधण्यावर त्यांची भिस्त असे.

६.
त्या काळी या इलाख्यात क्रिकेट कोण खेळत असे? प्रथम गोरे आणि त्यांचे पाहून पारशी. १८९० साली पारशी संघाने इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघाला हरवले आणि सगळीकडे खळबळ उडाली. त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून आलेले लॉर्ड हॅरिस स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे ‘प्रेसिडेन्सी’ सामने नियमित सुरू झाले. हेच सामने १९०७ मध्ये हिंदूंच्या प्रवेशाने तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी झाले.

७.
युरोपियनांच्या बाजूने या सामन्यांतील सर्वांत मोठे नाव ग्रेग यांचे. पारशांची गोलंदाजी कसलेली, प्रेक्षक हजारोंच्या संख्येने जमलेले आणि त्यांतील बहुतेकांची इच्छा एकच : ग्रेग लवकर बाद व्हावेत. तरीही १८९३-९४ च्या मोसमापासून सुमारे पाव शतक ते या सामन्यांत खेळत राहिले. प्रतिपक्षाच्या लोकांनीही त्यांचे कौतुक केले, ते त्यांच्या फलंदाजीच्या सौंदर्यामुळे.

८.
हे यश केवळ हिंदुस्थानापुरते होते असेही नाही. रजेवर इंग्लंडला गेले की ते हॅम्पशायर परगण्याकडून खेळत. १९०१ साली लिव्हरपूल येथे बलाढ्य लँकाशायरविरुद्ध त्यांनी नाबाद २४९ धावा काढल्या. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर तयार झालेला फलंदाज इंग्लंडच्या अव्वल गोलंदाजांपुढे एवढी मोठी खेळी करतो, याचा अर्थ त्याला सरावही तसाच उत्तम मिळाला असला पाहिजे. हा सराव त्यांना कोणी दिला?

९.
आता जाळीच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे म्हणून पालवणकर. जात चांभार, त्या काळच्या समाजाच्या दृष्टीने अस्पृश्य. वडील लष्कराच्या सेवेत असल्यामुळे कुटुंब पुण्याच्या परिसरात राहिले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले चेंडू आणि बॅटी घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

१०.
बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी क्लबात. काम मैदान झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते छावणीतील युरोपियनांच्या क्लबात आले आणि पगार ४ रुपये झाला. काम मात्र वाढले. खेळपट्टी तयार करायची, रेघा आखायच्या, जाळ्या बांधायच्या, टेनिसची कोर्टेही राखायची. सभासदांना सराव देण्यासाठी चेंडू टाकणे हे या कामांच्या यादीतले सर्वांत शेवटचे काम.

११.
ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या सभासदाने बाळूंच्या हाती प्रथम चेंडू दिला असे सांगतात. बाळू डावखुरे, संथ गतीचे फिरकी गोलंदाज. चेंडूची उंची, टप्पा आणि वळण यांवर त्यांचा विलक्षण ताबा असे. क्लबातील सर्वोत्तम फलंदाजाच्या ध्यानात ही गोष्ट यायला वेळ लागला नाही. तो फलंदाज म्हणजे ग्रेग.

१२.
ग्रेग रोज इतर सभासदांच्या आधी तासभर मैदानावर येऊ लागले. मैदान रिकामे, जाळीत दोघेच. एक फलंदाजी करी, दुसरा गोलंदाजी. बाळूंनी एकदा बाद केले की ग्रेग त्यांना ८ आणे देत, अशी कथा पुण्यात सांगितली जाई. ही कथा अक्षरशः खरी मानली तर हिशेब असा होतो : १६ आण्यांचा रुपया, म्हणजे दोनदा बाद केल्यास १ रुपया. महिन्यात आठ वेळा बाद केले तर पूर्ण महिन्याचा पगार!

१३.
या हिशेबातून त्या तासाचे खरे स्वरूप उलगडते. ग्रेग यांना हवा होता असा गोलंदाज, जो दयामाया न दाखवता त्यांना बाद करू पाहील. नोकराने साहेबाला सोपे चेंडू टाकून खूश करावे, अशी त्या व्यवस्थेची साधी अपेक्षा. पण त्या ८ आण्यांनी ती अपेक्षा उलटी केली. साहेबाला हरवल्याबद्दल नोकराला बक्षीस मिळावे, असा तो व्यवहार होता. १८९० च्या दशकातील पुण्यात अशी दुसरी जागा सापडणे कठीण.

१४.
तो काळ आठवावा. १८९६-९७ चा प्लेग, घराघरांत शिरून झडत्या घेणारे गोरे सोजीर, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील अंतर याहून मोठे कधी नव्हते. दुसरीकडे, याच प्रजेच्या पोटात स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यातील अंतर तितकेच खोल होते. बाळू या दोन्ही दऱ्यांच्या पलीकडच्या काठावर उभे होते.

१५.
म्हणूनच त्या तासाचे गोड चित्र रंगवण्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी. युरोपियनांच्या क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले; पण त्यांना एकदाही फलंदाजीची संधी मिळाली नाही असे सांगितले जाते. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी हा साहेबाचा मान. ग्रेग यांनी चेंडूचे मोल ओळखले, पैसेही दिले. पण बॅट बाळूंच्या हाती गेली नाही. जाळीतील समता बावीस यार्डांच्या एका टोकापुरतीच होती.

१६.
बाळूंच्या चेंडूची कीर्ती पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंच्या कानी गेली. हिंदूंचा क्लब युरोपियनांना आव्हान देऊ पाहत होता. जिंकायचे तर बाळू हवेत. पण बाळू अस्पृश्य. क्लबात दोन तट पडले. काही तेलुगू भाषक सभासद त्यांना घ्या म्हणाले. मराठी ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. गोऱ्यांना हरवण्याची ईर्ष्या मोठी की विटाळाचे भय मोठे, हा प्रश्न क्रिकेटने पुण्यापुढे उघडपणे टाकला.

१७.
या वादात ग्रेग यांनी तोंड उघडले असे सांगतात. बाळूसारखा गोलंदाज वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत त्यांनी जाहीर केले. त्यामागे न्यायबुद्धी होती, की रोज जाळीत भेटणाऱ्या गोलंदाजाशी खऱ्या सामन्यात दोन हात करण्याची खेळाडूची हौस? दोन्ही असू शकतात. शब्दाचे वजन मात्र मोठे होते. प्रतिस्पर्धी संघाचा सर्वोत्तम फलंदाजच आपल्याविरुद्ध उभ्या राहू शकणाऱ्या गोलंदाजाची शिफारस करत होता.

१८.
अखेर बाळू हिंदूंच्या संघात आले, पण कसे? मैदानात ते टाकत तो चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक हातात घेत. त्यात विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र सवर्ण खेळाडू तंबूत बसून कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना तंबूबाहेर टाकाऊ मातीच्या भांड्यात चहा मिळे. हात-पाय धुवायचे तर पाणी दुसऱ्या कोणी आणून दुरून ओतायचे. जेवण वेगळे, पंगत वेगळी. चेंडू चालतो, कप चालत नाही. जातीचे तर्कशास्त्र याहून उघडे क्वचितच पडले असेल.

१९.
पुण्याहून दक्षिणेकडे खेड-शिवापूर, वरवे बुद्रुक, कापूरहोळ ही गावे मागे टाकत गेले की वाट साताऱ्याला पोहोचते. साताऱ्यातील गोऱ्यांच्या जिमखान्याशीही पुण्याच्या हिंदूंचा सामना झाला. बाळूंची धास्ती अशी, की यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी निर्जीव करून ठेवली, असे सांगतात. खेळपट्ट्या दाबण्यातच ज्याचे तारुण्य गेले, त्याला रोलरची भीती कसली? बाळूंनी ७ बळी घेतले आणि हिंदू जिंकले.

२०.
विजयानंतर पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या खेळाडूंना स्पष्ट सुनावल्याची आठवण सांगितली जाते. बाळूंसोबत खेळता येते, तर त्यांच्यासोबत खातापिता का येत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हा प्रश्न विचारणारे रानडे स्वतः सुधारकांचे अग्रणी, आणि उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्याच जातीच्या तरुणांवर. सभेत टाळ्या पडल्या; सवयी बदलायला मात्र पुष्कळ काळ लागला.

२१.
प्लेगच्या काळात बाळू मुंबईला गेले आणि तिथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. धाकटे बंधू शिवरामही संघात आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा मोठा सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंचा १०९ धावांनी विजय! स्वदेशीच्या चळवळीने तापलेल्या त्या दिवसांत हा निकाल मैदानापुरता राहणे शक्य नव्हते. राज्यकर्त्यांचा संघ कोसळवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते बाळू राज्यकर्त्यांच्याच क्लबात रोलर फिरवीत गोलंदाजी शिकले होते.

२२.
१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडला गेला. सामन्यांमागून सामने हरले गेले. एकटे बाळू चमकले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्यात तरुण भीमराव आंबेडकरांचा पुढाकार होता. तरीही हिंदूंचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते मिळाले १९२३ साली, त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल पालवणकरांना. आणि त्या वर्षी हिंदू विजयीही झाले.

२३.
इकडे ग्रेग यांची सेवा संपत आली. कर्नल होऊन आणि सी.आय.ई. हा किताब घेऊन ते इंग्लंडला परतले आणि हॅम्पशायर क्रिकेट क्लबचे सचिव झाले. १९२२ मध्ये, पन्नाशी गाठलेली असताना, ते हॅम्पशायरकडून शेवटचे खेळले. अशा माणसाचे पुढचे आयुष्य सहज कल्पिता येते : क्लबातील आरामखुर्ची, जुन्या सामन्यांच्या आठवणी, दुपारची झोप. घडले ते वेगळेच.

२४.
१९३० च्या दशकात, वयाची साठी ओलांडल्यावर, ग्रेग यांनी कॅथलिक पुरोहिताची दीक्षा घेतली. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. कॅथलिक पुरोहितपदासाठी तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि लॅटिन यांचा अभ्यास लागे. त्या काळी संपूर्ण मिस्सा लॅटिनमध्येच होई. ज्या वयात सहकारी निवृत्तिवेतनावर विसावले होते, त्या वयात हे निवृत्त कर्नल विद्यार्थी झाले. हुकूम देण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने आज्ञापालनाची शपथ घेतली. पुढे त्यांना ‘कॅनन’ हा मान मिळाला. धर्मप्रांतातील ज्येष्ठ पुरोहितांना तो दिला जातो.

२५.
क्रिकेट आणि चर्च यांचे नाते इंग्लंडमध्ये जुने आहे. १८८२ च्या प्रसिद्ध ओव्हल कसोटीत खेळलेले सी. टी. स्टड पुढे मिशनरी होऊन चीन, हिंदुस्थान आणि आफ्रिकेत गेले. १९५२ साली विजय हजारे यांच्या भारतीय संघाविरुद्ध ओव्हलवर ११९ धावा काढणारे डेव्हिड शेपर्ड पुढे लिव्हरपूलचे बिशप झाले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी क्रिकेट खेळू नये म्हणून ते आपल्याच क्रिकेट मंडळाविरुद्ध उभे राहिले. ग्रेग यांचा मार्ग या दोघांपेक्षा वेगळा : खेळ पूर्ण संपला, नोकरी पूर्ण संपली, आणि मग धर्म आला.

२६.
त्याच दशकात पुण्यात काय घडत होते? २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळू पालवणकर होते. ज्या शहरात त्यांनी तंबूबाहेर मातीच्या भांड्यातून चहा घेतला, त्याच शहरात देशातील दलितांच्या राजकीय हक्कांच्या दस्तऐवजावर त्यांचे नाव उमटले. १९३७ मध्ये मुंबईच्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरले. जुलै १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रेग यांच्या आधी तीन वर्षे.

२७.
आता इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावा असा प्रश्न. बाळूंना ग्रेग यांनी ‘घडवले’ असे म्हणणे बरोबर ठरेल का? ही मांडणी सोयीची आहे. तिच्यात एक उदार गोरा आणि एक कृतज्ञ नोकर असतो. पण जाळीतला व्यवहार दुतर्फा होता. त्या तासात ग्रेग यांना जेवढा बाळूंच्या चुका सुधारण्याचा अवसर होता, त्याहून अधिक बाळूंना ग्रेग यांच्या उणिवा हेरण्याचा होता. हिंदुस्थानातील अव्वल डावखुऱ्या फिरकीशी रोज झुंज मिळाली, म्हणून ग्रेग यांचीही फलंदाजी धारदार झाली. लिव्हरपूलच्या नाबाद २४९ धावांमागे पुण्यातील ४ रुपयांच्या चाकराचेही श्रम असावेत, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

२८.
तरीही ग्रेग यांचे श्रेय पूर्ण पुसणे अन्यायाचे होईल. पुण्यात बाळूंची गोलंदाजी पाहणारे पुष्कळ होते. तिच्यासाठी तासभर आधी येणारा एकच. अनेक शहाणेसुरते सवर्ण ‘घ्यावे की घेऊ नये’ यावर खल करत असताना, घेतले नाही तर तो मूर्खपणा, असे बोलल्याची आठवण त्यांच्याच नावावर आहे. हे धैर्य म्हणावे तर त्यांना त्याची किंमत मोजावी लागली नाही. पण ज्यांना सहज बोलता येते तेही बहुधा गप्पच राहतात.

२९.
पुरोहिताचे काम काय? समोर आलेल्या माणसाकडे त्याचे पद, कुळ आणि पैसा बाजूला ठेवून पाहणे. ग्रेग यांनी ही दीक्षा साठीनंतर घेतली. तरुणपणी, पुण्याच्या त्या जाळीत, ते या कामाच्या अर्ध्या वाटेपर्यंत आले होते : समोरच्याची जात त्यांनी चेंडूच्या आड येऊ दिली नाही. उरलेली अर्धी वाट म्हणजे हातातली बॅट पुढे करून ‘आता तुम्ही खेळा’ असे म्हणणे. ती वाट ना त्यांनी चालली, ना त्यांच्या क्लबाने, ना पुण्यातील सवर्णांनी. ती चालून गेले पालवणकर बंधू स्वतः.

३०.
धावफलकावर सामना नोंदवला जातो, सराव नाही. ग्रेग यांची प्रत्येक मोठी खेळी आकड्यांत उपलब्ध आहे. बाळूंचे प्रथम श्रेणीतील १७९ बळीही मोजलेले आहेत. पण त्या रोजच्या तासात किती चेंडू पडले, ग्रेग किती वेळा चुकले आणि ८ आण्यांची किती नाणी या हातातून त्या हातात गेली, हे कुठल्याही वहीत नाही. मोठ्या इतिहासाचा पुष्कळसा भाग अशाच न नोंदलेल्या तासांत घडतो. त्या तासांचा शोध घ्यायचा तर बॅट कोणाच्या हाती होती एवढे पाहून भागत नाही. रोलर कोण ओढत होते, हेही विचारावे लागते.

(समाप्त)